खटका

हिंडलग्याच्या तुरुंगात एकदाच गेलो मी,
तेही वाकस, पटाशी, रंधा घेऊन, दिवसाच्या हजेरीवर.
दोन फळ्या होत्या, मधोमध मिटणाऱ्या.
बिजागऱ्या गंजलेल्या,
एका फळीला ओलीनं पोट आलेलं.
साहेब म्हणाला, मिस्त्री, एका दमात पडल्या पाहिजेत,
एक आधी, एक मागनं, असं चालत नाही.
सुताच्या हिशेबानं तासल्या.
वाळूचं पोतं बांधलं, सत्तर किलो,
खटका ओढला.
वाटला होता तेवढा आवाज झाला नाही.
पोतं मात्र कितीतरी वेळ
स्वतःभोवती फिरत राहिलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर वॉर्डर म्हणाला,
हे आहे म्हणून माणसं दबून आहेत.
धाक पाहिजे मिस्त्री, धाक.
मी म्हटलं, होय की.
मजुरी खिशात होती.

तिथनं दीड मैलावर आमचं परडं.
रात्री तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे मोजता येतात,
एकूण अकरा.
त्या परड्याच्या बांधावर
भरमानं माझ्या भावाला मारलं.
फणसापायी.
सात फणस. सातेरी म्हणाला चार माझे,
भरमा म्हणाला चार माझे.
खटका उडाला.
आमच्याकडे भांडणालाही खटकाच म्हणतात.
भरमाच्या हातात पहार होती, खड्डे काढायला आणलेली.
दिवे लागले होते का तेव्हा?
सांजचे सात. लागले असणार.
रोज त्या भिंतीला घासूनच तो सायकलवरनं
डेअरीला दूध घालायचा.

दिव्याखाली अंधार म्हणतात.
अंधार डोळ्यांतच उतरला
तर अकरा दिवे काय, अकराशे काय.

मी हे दुसऱ्याचं ऐकून सांगत नाही.
तेरावा झाला,
आणि वाकस घेऊन मी भरमाच्या दारात गेलो.
तो आत होता. त्याचा भाऊ मारुती घरी असायचा.
अख्ख्या गावात
त्या फळ्यांना हात लावलेला मी एकटा.
पोतं कसं फिरतं ते बघितलेला मी एकटा.
मला त्यातलं काही आठवलं नाही.
एक सूतसुद्धा नाही.

उंबऱ्यावर भरमाचा पोरगा जेवत होता,
ताटलीत भात, वर पातळ आमटी.
पोलिसांनी लाथेनं उखडलेलं दार
भिंतीला टेकवून ठेवलेलं.
पोरगा म्हणाला,
"दार बसवायला आलास काय मामा?"

सुताराच्या हातात वाकस बघून
पोरानं दुसरं काय समजायचं?
बसवलं दार.
खालच्या बिजागरीला दोन स्क्रू कमी पडले,
घरनं आणून घातले.
मारुती आतनं बाहेर आला नाही.

तीन वर्षांनी निकाल लागला. कन्नडात.
वकिलानं दोन शब्द सांगितले,
गल्लू नाही, जीवावधी.
वहिनीनं मला विचारलं, म्हणजे?
म्हटलं, जन्मठेप.
ती म्हणाली, म्हणजे जेवणार तो.
रोज. दोन वेळ.

तिला फाशी हवी होती.
खोटं कशाला बोलू, काही रात्री मलाही हवी असते.
तर त्याला सूड म्हणा.
सूड आम्हाला कळतो,
आमच्या घरी ताटाशेजारी पाट घेऊन बसतो तो.
पण धाक म्हणू नका.
धाक मी तासलाय.
एक डोळा मिटून त्याची रेघ बघितलीय,
सरळ होती, बिजागऱ्यांना तेल दिलेलं.
दीड मैल चालत यायचा जोर
त्या लाकडात नव्हता.

परवा तुरुंगातनं निरोप आला,
एक फळी पुन्हा फुगलीय.
वहिनी म्हणते, जा. नीट करून ठेव.
मी अजून हो म्हटलेलं नाही.

फणस यंदा कुणी उतरवले नाहीत.
रात्री एकेक पडतो बांधावर,
आणि दोन्ही खोल्यांत
जाग येते.